द्राक्ष ट्रेसेबिलिटी प्रकल्प : हंगाम २०२३-२४ च्या कामाच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२३, सोमवार

काम आजपासून अधिकृतपणे सुरू. उद्या गणपती, त्यामुळे बैठक लवकर आटोपली. निफाड तालुक्यातल्या आमच्या पॅकहाउसमधून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा बागेपासून रॉटरडॅमपर्यंतचा माग एका जागी दिसावा, एवढं काम. आजवर हे वह्या, एक्सेल आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर चालायचं. आणि चालायचंही बरं. कुठल्या क्रेटमध्ये कुणाचा माल आहे हे ग्रेडिंग हॉलचा सुपरवायझर तोंडपाठ सांगतो. तो रजेवर गेला की पंचाईत.

संचालकांची पहिली मागणी: "कंटेनर कुठंय ते मोबाइलवर दिसलं पाहिजे." नकाशावर सरकणारा ठिपका सगळ्यांनाच हवा असतो. माझ्या मते या कामातला तो सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे, हे इथे लिहून ठेवतो. द्राक्ष वेलीवरून तोडल्यावर पिकत नाही, त्याची गोडी वाढत नाही. आंब्याला आढी असते, केळीला रायपनिंग चेंबर असतं. द्राक्षाला तसं काही नाही. कात्री लागली तेव्हा जी प्रत होती ती शेवटची, पुढे फक्त ती घसरण्याचा वेग आवरायचा. जहाज आफ्रिकेच्या कुठल्या टोकाला आहे हे कळून आतल्या मालाचं आपण काही करू शकत नाही. जे करायचं ते कात्रीच्या आधी.

म्हणून आराखड्यात पहिली ओळ अशी घातली: उद्या कुठला प्लॉट तोडायचा आणि कुठला नाही, हे ठरवायला लागणारी सगळी माहिती आज संध्याकाळपर्यंत एका स्क्रीनवर आली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

ठिपकाही देऊ. त्याशिवाय बजेट मंजूर होणार नाही.

४ ऑक्टोबर

पुण्याहून दोन प्रोग्रॅमर आलेत. दोघांनी आधी ई-कॉमर्सच्या गोदामाची सिस्टिम केलेली. त्यांचा समज असा की इथे कोरी पाटी आहे. तसं नाही हे सांगण्यात आजचा दिवस गेला.

युरोपीय संघाच्या अन्न कायद्याचं (नियमन १७८/२००२) अठरावं कलम १ जानेवारी २००५ पासून लागू झालं: अन्नाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला माल कुणाकडून आला आणि कुणाला दिला, म्हणजे एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे, हे सांगता आलं पाहिजे. त्याआधी २००३ च्या हंगामात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याने बराच गहजब झाला होता. त्यातून आधी अंश तपासणीची योजना आली आणि २००६ मध्ये अपेडाचं (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) ग्रेपनेट, म्हणजे द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन सिस्टिम. आता ते हॉर्टिनेटच्या छत्राखाली आहे, पण तालुक्यात अजून सगळे ग्रेपनेटच म्हणतात.

त्याची रचना साधी आणि कडक आहे. निर्यातीसाठीचा प्रत्येक प्लॉट दर हंगामाला कृषी विभागाकडे नोंदवायचा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल थेट सिस्टिममध्ये चढतो, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर लक्ष ठेवतं. नमुना नापास झाला की 'इंटर्नल ॲलर्ट' निघतो आणि तो प्लॉट बाजूला पडतो. पास झालेल्या प्लॉटचाच माल ॲगमार्क (प्रतीचं) आणि फायटोसॅनिटरी (कीड-रोगमुक्तीचं) प्रमाणपत्रापर्यंत पोहोचू शकतो. पाठवलेलं वजन त्या प्लॉटच्या मंजूर वजनातून वजा होत जातं, त्यामुळे दोन एकराच्या नावावर पाच एकराचा माल जात नाही.

मग पोरांना २०१० ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी किंवा लिहोसिन. शेंडा थांबवायला वर्षानुवर्षं वापरात होतं, त्यात कुणी लपवाछपवी केलेली नव्हती. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या प्रयोगशाळांनी ते पकडलं नाही, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. कागद सगळे बिनचूक, प्लॉट सापडत होता, प्रमाणपत्रं होती, आणि कंटेनर तरी तिकडे अडकले. शेतकऱ्यांचं त्या वर्षी जे नुकसान झालं ते आजही चहाच्या टपरीवर निघतं.

आमच्यापुरता त्याचा अर्थ: रसायनांची यादी, प्रत्येकाची मर्यादा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हे सगळं टेबलमध्ये हवं, कोडमध्ये एकही नाव नको. यादी हंगामाच्या मध्यावरही बदलू शकते. शिवाय कायद्याची मर्यादा एक आणि ग्राहकाची दुसरी: युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच अंश चालवून घेतात, वर एकूण किती रसायनं सापडली तेही मोजतात. म्हणजे एकच अहवाल एका ग्राहकाला पास, दुसऱ्याला नापास.

१७ ऑक्टोबर

आकड्यांचा दिवस. एका घडाला रॉटरडॅमपर्यंत जाताना किती ओळखी चिकटतात त्या फळ्यावर लिहून काढल्या. कृषी विभागाचा प्लॉट नोंदणी क्रमांक. ग्लोबलगॅप या शेती-प्रमाणपत्राचा तेरा अंकी जीजीएन. आमचा बॅच क्रमांक. पेटीवरचा जीटीआयएन, म्हणजे उत्पादनाचा बारकोड क्रमांक, भारतात नोंदलेला असल्याने ८९० ने सुरू होणारा. प्रत्येक पॅलेटचा वेगळा, अठरा अंकी एसएससीसी. कंटेनर क्रमांक, लाइनचं सील, ई-सील, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग.

पोरांनी विचारलं, सगळ्यांना मिळून एकच क्रमांक का नको? कारण प्रत्येक क्रमांक वेगळ्या माणसाच्या मालकीचा आहे आणि कुणीच आपला सोडणार नाही. आपलं काम क्रमांक बनवण्याचं नाही, सांधे जपण्याचं आहे. सांधे चारच: प्लॉट ते क्रेट, क्रेट ते पेटी, पेटी ते पॅलेट, पॅलेट ते कंटेनर. शेवटचे दोन सोपे. बंद हॉल, पक्कं छत, वाय-फाय, लेबल छापणारं मशीन. दुसरा बरा. पहिला सांधा बागेत, पहाटे, ओल्या हातांनी आणि मोबाइलला रेंज नसताना बांधायचा आहे.

बॅचची व्याख्या ठरवताना खूप वाद झाला. शेवटी ठरलं: एक प्लॉट, एक तोडणीचा दिवस, एक बॅच. दोन प्लॉटचा माल एका टेबलावर एकाच वेळी चढवायचा नाही. उत्पादनवाले नाराज, कारण टेबल रिकामं करून पुसून घ्यायला दर वेळी वेळ जातो. पण उद्या तिकडे एका पेटीत काही सापडलं तर एका प्लॉटचा माल परत बोलवायचा की पाच प्लॉटचा, हे त्या रिकाम्या टेबलावरच ठरतं.

३० ऑक्टोबर

क्रेट आणि लेबल. कागदी स्टिकर बाद. धुण्याच्या हौदात सगळे निघाले. क्रेटच्या बाजूला रिव्हेटने बसवलेली क्यूआर कोडची प्लास्टिक पट्टी ठरली. क्रेटचा क्रमांक कायमचा, त्यातला माल रोज बदलणारा.

पेटी-पॅलेटच्या लेबलांसाठी डायरेक्ट थर्मलची (शाईविना, उष्णतेने उमटणारी) रोलं स्वस्त पडत होती. नाकारली. ती छपाई घासल्याने आणि उन्हाने पुसट होते, आणि आपलं लेबल महिनाभरापेक्षा जास्त दमट थंडीत राहणार. रिबनवाली छपाई आणि गारव्यात न सुटणारा गोंद घेतला. खरेदी विभागाला दर पटला नाही. त्यांना कोल्ड स्टोअरमधलं जुनं लेबल बोटाने पुसून दाखवलं, मग सही झाली.

८ नोव्हेंबर

दिवाळी तोंडावर. स्कॅनर आले, प्रिंटर आले, एक प्रिंटर कुरिअरमध्येच मोडला. बाकी काही नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काल दुपारनंतर गारपीट. निफाड, पिंपळगाव, चांदवड, दिंडोरी या पट्ट्यात बऱ्याच बागांना फटका. आज ऑफिसात सॉफ्टवेअरचा विषय कुणी काढला नाही, आणि तेच बरोबर होतं. ज्या प्लॉटमध्ये मण्यांत पाणी उतरत होतं तिथे मणी तडकले, उशिराच्या छाटणीच्या प्लॉटमध्ये डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती.

संध्याकाळी आमच्या कृषी सल्लागारांनी एक गोष्ट सुचवली: प्रत्येक प्लॉटला या पावसाची नोंद आत्ताच घाला. गारा पडल्या का, घडाला जखम दिसली का, त्यानंतर काय फवारलं. फेब्रुवारीत विचाराल तर प्रत्येक जण म्हणेल, आमच्याकडे काहीच नव्हतं. ते लबाडीने तसं म्हणणार नाहीत, तोवर बाग सावरलेली असते म्हणून म्हणतील. फॉर्ममध्ये रात्रीच रकाना वाढवला. उद्यापासून फील्डवरची मुलं प्लॉटनिहाय फोटो घेणार.

८ डिसेंबर

कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काल रात्री आली, ३१ मार्चपर्यंत. आज चांदवडला महामार्ग अडवला. आपला माल द्राक्ष, तरी नोंद करतो, कारण आमच्या निम्म्या सभासदांकडे दोन्ही पिकं आहेत. पुरवठा साखळीच्या पुस्तकात मागणीचा अंदाज, साठा, वाहतूक सगळं असतं. एका रात्रीत बदलणाऱ्या नियमाचा रकाना कुठल्या पुस्तकात नसतो.

१८ डिसेंबर, सोमवार

तांबड्या समुद्राचं प्रकरण आता आपल्या दारात. १९ नोव्हेंबरला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं तेव्हा बातमी लांबची वाटली होती. गेल्या शुक्रवारी मर्स्क आणि हापाग-लॉइड, शनिवारी एमएससी आणि सीएमए सीजीएम या जहाज कंपन्यांनी तिथली वाहतूक थांबवली. जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालणार. मुंबई ते रॉटरडॅम हा पल्ला त्याने चार हजार सागरी मैलांहून जास्त लांबतो. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढेल असं फॉरवर्डर (माल पाठवून देणारे एजंट) सांगतात. भाडं किती वाढेल यावर कुणी तोंड उघडत नाही.

संचालकांच्या बैठकीत सगळ्यांचा सूर: आता तरी ठिपका लवकर द्या. मी उलट मागणी मांडली. प्रवास वाढला म्हणजे प्रत्येक प्लॉट या प्रवासाला लायक उरत नाही. पंचवीस दिवसांत ठीक पोहोचणारा घड चाळिसाव्या दिवशी कसा दिसेल? देठ वाळून तपकिरी होतो, मणीगळ होते, आणि जिथे सालीला बारीकशी जखम आहे तिथे बुरशी. म्हणजे 'लांब प्रवासाला चालेल का' हा प्लॉटचाच एक गुण झाला आणि तो तोडणीच्या आधी ठरला पाहिजे.

त्यासाठीची माहिती जवळजवळ सगळी आपल्याकडे आहे. गारपिटीची नोंद (बरं झालं घेतली), सालीची जाडी आणि देठाचा हिरवेपणा यावर फील्डवाल्यांचा शेरा, ब्रिक्स (गोडीचं माप), शेवटचं पाणी कधी दिलं. त्यातून तीनच उत्तरं काढायची: युरोप चालेल, जवळचा बाजार, देशांतर्गत. गुणांकनाचं सूत्र पोरांना फार गुंतागुंतीचं करायचं होतं. नको म्हटलं. शेतकरी समोर बसून विचारणार, माझा प्लॉट का कापला? त्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पेटीत बुरशी रोखायला ठेवतात त्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडचाही पुरवठादार बदलला. पॅडमध्ये एक थर पटकन वायू सोडतो, दुसरा सावकाश. सावकाश थर जास्त दिवस टिकणारा प्रकार मागवला. पॅडचा लॉट क्रमांकही आता पॅलेटला जोडला जाईल.

२ जानेवारी २०२४

हिट-अँड-रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांचा संप. मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात, जिल्ह्यातल्या पंपांवर रांगा. आमचा पहिला कंटेनर अजून लागायचा आहे, त्यामुळे थोडक्यात बचावलो. जनरेटरच्या डिझेलचा साठा किती तासांचा हे कुणालाच सांगता येईना. डॅशबोर्डवर तो आकडा घातला. सगळ्यात स्वस्त सेन्सर, आणि आज सगळ्यांनी पाहिलेला एकमेव.

११ जानेवारी

पहिली तोडणी. थॉमसन जातीचा प्लॉट, अहवाल पास, गारपिटीची नोंद 'नाही', युरोप चालेल.

बागेत वापरायचं ॲप ऑफलाइन चालतं. मुकादमताईंकडे प्लॉटचं लॅमिनेट केलेलं कार्ड. आधी ते स्कॅन, मग क्रेट. रेंज मिळाली की सगळं आपोआप वर जातं. कार्ड शेतकऱ्याकडे द्यायचं नाही, तोडणीच्या टोळीकडेही कायम ठेवायचं नाही. आदल्या संध्याकाळी निर्णय झाला की त्याच प्लॉटचं कार्ड सुपरवायझर घेऊन जाणार. कार्ड नाही तर तोडणी नाही. सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही कुलपापेक्षा हा नियम जास्त पक्का ठरेल असं वाटतं.

ताईंनी पहिल्याच तासात एक दोष दाखवला. स्कॅन झाल्याचा 'टिंग' आवाज दोन शेजारच्या टोळ्यांचा एकच. कुणाचा झाला कळत नाही. "माझ्या फोनला कोंबडा लावा," म्हणाल्या. लावला.

१६ जानेवारी

पहिला कंटेनर भरला. चाळीस फुटी रीफर (शीत कंटेनर), वीस पॅलेट, सेटिंग उणे ०.५ अंश.

प्रीकूलिंगचे (भरण्याआधी माल गार करण्याचे) आकडे पहिल्यांदाच सलग हाती आले. आजवर दर दोन तासांनी कुणीतरी काटा बघून वहीत लिहायचं, आणि वहीतले आकडे नेहमी सुंदर असायचे. आता घडाच्या आत मण्यात खुपसलेला प्रोब पाच-पाच मिनिटांनी सांगतो. खोलीची हवा शून्यावर येते म्हणजे माल शून्यावर आला असं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. किती फरक असतो हे आज दिसलं. पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यातला पॅलेट सगळ्यात शेवटी गार होतो. सहा ते आठ तासांत माल शून्य ते दोन अंशांजवळ यायला हवा, तो पॅलेट मागे राहिला. तो गार होईपर्यंत लोडिंग थांबवलं. ट्रकवाल्याची कुरकुर झाली. पण रीफर कंटेनर माल थंड करायला बनलेला नसतो, थंड माल थंड ठेवायला असतो. गरम पॅलेट आत गेला तर त्याची धग पुढे महिनाभर शेजाऱ्यांनाही बाधते.

कंटेनर क्रमांक व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून हाताने टाइप करायची पद्धत आज बंद. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक तपासणी अंक, हे आयएसओ ६३४६ प्रमाणे. अक्षरांना १० पासून पुढच्या किमती (अकराच्या पटी वगळून), प्रत्येक स्थानाला दुपटीने वाढणारा गुणक, बेरजेला अकराने भागून बाकी. आकड्यांची अदलाबदल झाली की ॲप जवळजवळ नेहमी लगेच लाल होतं. हे किरकोळ वाटेल, पण ई-सील, शिपिंग बिल, कंटेनर आणि ट्रक हे चार क्रमांक बंदरावर एकमेकांशी जुळावे लागतात. एक अंक चुकला की गाडी गेटवर उभी, आणि कट-ऑफ, म्हणजे बंदराची शेवटची वेळ, कुणासाठी थांबत नाही. बंदरात शिरायचा परवाना, फॉर्म १३, निघाला, गाडी रात्री सुटली.

रस्त्यातला माग फास्टॅगवरून. युलिप या सरकारी व्यासपीठातून टोलनाक्याची वेळ मिळते: पिंपळगाव, घोटी, पडघा. ट्रकला वेगळं जीपीएस लावायची गरज उरली नाही. पडघ्याच्या पुढे भिवंडीत गाडी किती वेळ अडकली ते मात्र फास्टॅग सांगत नाही. ते चालकदादांना फोन करूनच कळतं.

२४ जानेवारी

जे होणार असं वाटत होतं ते झालं. एका सभासदाचे दोन प्लॉट, मध्ये फक्त बांध. एकाचा अहवाल पास, दुसऱ्याचा यायचा होता. टोळी पास प्लॉटचं कार्ड घेऊन गेली आणि ओळी संपल्यावर बांध ओलांडून पुढे तोडत राहिली. कुणाचा वाईट हेतू नव्हता, ते सभासद, अण्णा, स्वतः म्हणाले, "एकाच हाताने, एकाच पंपाने फवारलेली बाग आहे, फरक काय पडतो?"

सिस्टिमने पकडलं, पण जीपीएसने नाही. शेजारशेजारच्या प्लॉटमध्ये फोनचं जीपीएस इतकं अचूक नसतं. पकडलं ते वजनाने: त्या प्लॉटच्या घडमोजणीवरून जेवढा माल निघायला हवा, त्याहून क्रेट बरेच जास्त आले आणि काट्यावर बॅच अडकली. सगळाच माल देशांतर्गत वळवावा लागला, पास प्लॉटचाही, कारण एकदा मिसळल्यावर कुठला कुठला हे सांगणार कोण? अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. आज स्वतः येऊन म्हणाले, पुढच्या वर्षी बांधावर रंगीत दोऱ्या बांधतो. तो उपाय ॲपमध्ये काही बदल करण्यापेक्षा चांगला आहे. सगळ्या जोड-प्लॉटवाल्यांना दोऱ्या द्यायचं ठरवलं.

७ फेब्रुवारी

ठिपका सुरू झाला. संचालक खूश.

बंदराच्या गेटपर्यंतची नोंद लॉजिस्टिक्स डेटा बँकेकडून येते. आरएफआयडीवर चालणारी ही सेवा २०१६ साली जेएनपीटीपासूनच सुरू झाली. पुढे समुद्रात एआयएस, म्हणजे जहाजाची जागा सतत कळवणारं यंत्र. तीनशे टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. किनाऱ्याजवळ जमिनीवरचे टॉवर संदेश पकडतात, खोल समुद्रात उपग्रह. पण एआयएसमधली पोहोचण्याची वेळ जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो आणि कित्येकदा मागच्या बंदराचीच तशी राहते. ती दाखवायची नाही असं ठरवलं. आमचा अंदाज आम्ही वेगावरून आणि उरलेल्या अंतरावरून काढतो, आणि एका तारखेऐवजी 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असा दाखवतो. संचालकांना एकच तारीख हवी होती. दिली नाही.

ठिपक्याचा एक उपयोग मला आधी दिसला नव्हता, तो इथे लिहायलाच हवा. आयातदाराला आमचे कंटेनर कुठल्या आठवड्यात पोहोचतील हे आता दर सोमवारी कळतं. केपच्या वळशामुळे वेगवेगळ्या आठवड्यांत निघालेली जहाजं एकत्र पोहोचण्याची शक्यता दिसली, म्हणून त्यांनी आम्हाला एका आठवड्याची तोडणी हलकी ठेवायला सांगितलं. आम्ही ठेवली. म्हणजे समुद्रातल्या ठिपक्यानेही शेवटी बागेतल्या कात्रीलाच थांबवलं.

५ मार्च

पहिल्या कंटेनरचा गुणवत्ता अहवाल आला. पॅलेटनिहाय देठ, मणीगळ, कूज, फोटोसकट. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर हाच अहवाल आपल्या प्लॉटशी जोडायचा होता, आणि जोडणी झाली नाही. वीसच्या वीस पॅलेट एकाच क्रमांकाचे!

पोरांनी अर्धा दिवस आपला कोड तपासला. दोष एक्सेलचा. एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच अंक जपतं, पुढच्यांचे शून्य करतं. एसएससीसी अठरा अंकी. शेवटचे तीन अंक म्हणजे अनुक्रमाचे शेवटचे दोन आणि तपासणी अंक. नेमके तेच, ज्यांनी एक पॅलेट दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा. तिकडच्या माणसाने स्कॅन बरोबर केलं होतं, फाइल उघडून जतन करताना शेपट्या गेल्या.

अहवालातल्या फोटोंनी वाचवलं. प्रत्येक फोटोत लेबल दिसत होतं. एकेक वाचून हाताने जुळवलं. त्यांना विनंती केली की क्रमांकाआधी कंसातले दोन शून्य, जे लेबलवर छापलेले असतातच, तसेच ठेवा. म्हणजे एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि हात लावत नाही. शिवाय आमच्या लेबलवर आता पॅलेटचा छोटा क्रमांक मोठ्या अक्षरात छापतो: १ ते २०. माणसांसाठी.

१४ मार्च

आणखी कंटेनरचे अहवाल आले आणि आता थोडं बोलता येतं.

गारपिटीची नोंद असलेले प्लॉट आपण युरोपला पाठवलेच नाहीत, त्यामुळे ते निर्णय बरोबर होते का हे तिकडच्या अहवालातून कळणार नाही. ही अडचण पोरांच्या लक्षात आणून दिली; डॅशबोर्डवर 'अंदाज यशस्वी' अशी हिरवी पट्टी टाकायच्या बेतात होते. म्हणून त्या प्लॉटच्या काही पेट्या इथेच कोल्ड स्टोअरमध्ये ठेवलेल्या आहेत, तेवढ्याच दिवसांसाठी. त्या उघडल्यावर बोलू.

जे दिसलं ते वेगळंच. देठ सुकल्याच्या तक्रारी असलेल्या पॅलेटमध्ये ब्रिक्स, पॅड, प्लॉट यांपैकी कशाचाच सारखेपणा नव्हता. सारखं होतं ते एकच: क्रेट तोडल्याची वेळ आणि प्रीकूलिंगमध्ये शिरल्याची वेळ यातलं अंतर. सकाळी लवकर तोडलेला माल, पण गाडी भरेपर्यंत बांधावर थांबलेला. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही हा आमच्याच वाहतूक विभागाचा जुना नियम, डिझेल वाचवायला. प्रवास पंचवीस दिवसांचा होता तेव्हा तो नियम खपून जात होता.

नियम बदलायचा प्रस्ताव आज दिला: पहिला क्रेट स्कॅन झाल्यापासून दोन तासांत गाडी निघालीच पाहिजे, भरलेली असो वा अर्धी. वाहतूकवाले म्हणतात खर्च वाढेल. वाढेलच. त्यांना तक्रारीच्या प्रत्येक पॅलेटमागे आयातदाराने कापलेली रक्कम दाखवली. चर्चा सोमवारी पुढे चालू.

२ एप्रिल

दोन तासांचा नियम दिंडोरी मार्गावर लागू झाला, बाकी मार्गांवर गाड्या कमी पडतात. छोट्या पिकअप भाड्याने घेण्याचे दर मागवलेत.

ठेवलेल्या पेट्या उघडल्या. गारपिटीच्या प्लॉटपैकी बहुतेकांत अपेक्षेप्रमाणे कूज. पण दोन प्लॉट अगदी स्वच्छ निघाले, म्हणजे ते युरोपला जाऊ शकले असते आणि त्या शेतकऱ्यांचा दर हुकला. दोघांकडेही प्लास्टिक आच्छादन नव्हतं, दोघांची छाटणी उशिराची. पावसाच्या वेळी घड कुठल्या अवस्थेत होता हे आपल्या फॉर्ममध्ये नाहीच. गारा, जखम आणि फवारणी एवढंच आहे. छाटणीची तारीख ग्रेपनेटच्या नोंदीत असते, तिथून घेऊन अवस्था काढता येईल. दोघांना बोलावून पेट्या दाखवल्या आणि कारणही सांगितलं. एकाने ऐकून घेतलं. दुसरे म्हणाले, पुढच्या वर्षी गारांचा रकाना मीच भरेन, तुमचा पोरगा नको.

त्यांना भरू द्यायचा, आणि आमच्या पोराचा शेरा शेजारी वेगळा ठेवायचा. खरड छाटणी सुरू झालीय; नवा फॉर्म १५ तारखेपर्यंत हवा.